बोंबील चालले हरिश्चंद्रगडाला

"पोरीच्या पायाची सूज उतरली काय गो?"

"उतरली. आता पायरी उतरताना तेवढं ‘आई गं’ करते."

"माझा नातू बघ. काल दिवसभर खाटेवर. बोलतो, मांड्या भरून आल्यात. डोलीचं जाळं ओढताना कुठं असतात याच्या मांड्या?"

मावशी वलांडीवर बोंबील लावत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. हात कधी हलला ते कळत नाही, दोरी मात्र भरत जाते. तोंडाचंही तसंच. आमच्या दोघींच्या अंगणांमधलं कुंपण नावापुरतंच. अर्ध्यात सिमेंटचे खांब, अर्ध्यात जुन्या जाळ्याचा तुकडा, आणि मधे कालवणाची वाटी पलीकडे देण्याएवढी फट. तिथं उभं राहायला आमच्या दांडी गावात कारण लागत नाही. या आठवड्यात मात्र कारण होतं. गावातली अठरा पोरं चार दिवस डोंगर तुडवून परत आली होती. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि गडावरून पलीकडे खिरेश्वर. पाठीवर सॅक. अकरा मुलगे आणि सात मुली. या सात मुलींमुळेच तर गावाला पंधरा दिवस आधीपासून विषय मिळाला होता.

"मला आधी वाटलं सकाळी जाऊन संध्याकाळी परत," मावशी म्हणाली. "काळदुर्गला जातात तशी."

आमच्याकडच्या पोरांचा डोंगर म्हणजे तेवढाच. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत उतरायचं, काळदुर्ग चढायचा, खाली येऊन वडापाव खायचा. फार तर हायवेवरचा अशेरी, नाहीतर सफाळ्याचा तांदुळवाडी. रात्रीच्या जेवणाला घरी. घर सोडून तीन रात्री, तेही नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, हे नवीनच.

"आणि तारीख कशी धरली बघ," मी म्हटलं. "अष्टमीचा भांग."

"ती माझ्या नातवाची अक्कल. डोल लावायची तर पाण्याला ओढ पाहिजे, भांगात ओढ कुठली? तांडेल तसाही बोलणार, बसा घरी. चार दिवस रिकामेच होते. सुट्टी मागायला नको, मजुरी बुडायला नको."

एमआयडीसीत कंत्राटी असलेल्या दोघांची मजुरी मात्र बुडली. कारखान्याला भांग नसतो.

"तुला आठवतं, समाजमंदिरातली मीटिंग?"

आठवते तर! घेऊन जाणारा मुलगा बोईसरचा. नोकरी कारखान्यात आणि शनिवार-रविवार डोंगरात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करून आलेला. त्यानं आईबापांना समोर बसवलं, नकाशा भिंतीला टाचला. राज्य सरकारचं २०२१ सालचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, डोंगरात माणसं नेणाऱ्यांनी नोंदणी करायची असते, हे सगळं त्यानं समजावून सांगितलं. वाट चुकली, कोणी पडलं, तर महाराष्ट्रभरच्या गिर्यारोहकांनी मिळून चालवलेलं एक रेस्क्यू केंद्र आहे, त्याचा नंबर प्रत्येक आईच्या मोबाईलात घालायला लावला. अर्ध्या जणींनी तो ‘डोंगर’ या नावानं घातला.

मग समोरच्या काकू उठल्या. त्यांच्या फोनवर माणगावच्या कुंभे धबधब्याची बातमी होती. जुलै २०२४मध्ये रील करायला गेलेली तरुण मुलगी तिथल्या दरीत पडून गेली, ती. काकू म्हणाल्या, असं झालं तर? सगळी मीटिंग चिडीचूप. मुलगा शांतपणे म्हणाला, "कड्याजवळ आणि शिडीवर मोबाईल खिशात. आणि आपण पावसाळ्यात जात नाही, मार्गशीर्षात जातोय."

"मी काय विचारलं ते सांग की," मावशी म्हणाली. तिला स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडतं.

"तू विचारलंस, ‘तुझं ऐकणार कोण?’"

"आणि तो काय बोलला?"

"जो ऐकणार नाही त्याला पहिल्या गावातून एसटीत बसवून परत पाठवीन."

"तेव्हाच मी ओळखलं, हा तांडेल हाय. बाकीची सगळी खलाशी. होडीवर दोन तांडेल झाले की होडी खडकावर. त्याच्यासमोर माझ्या नातवानं मान हलवली, तिथंच मी हो बोलले."

मी कधी हो म्हटलं ते मात्र मावशीला सांगितलं नव्हतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हटल्यावर मला जानेवारी २०२० आठवला. अरुण सावंतांसारखा मुरलेला गिर्यारोहक त्या कड्यावरून दोरानं उतरण्याच्या मोहिमेत जिवानिशी गेला होता. आमच्या पोरांना दोरावर उतरायचं नव्हतं, चालायचं होतं, हे कळत होतं. तरी आईचं मन. लेकीला म्हटलं, कड्यापासून दहा हात लांब राहा. ती म्हणाली, "आई, तिथं झोपून बघतात." मग मी दोन दिवस नीट जेवले नाही.

"आणि सामान!" मावशी हसायला लागली.

सामानाची यादी छापील होती. टॉर्च, शिट्टी, दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, कानटोपी, लोकरीचे मोजे, नवे बूट नकोत, वापरलेलेच. आता आमच्या किनाऱ्यावर कानटोपी कोणाकडे? इथली थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक गोधडी, सूर्य वर आला की ती पण नको. मग स्वेटरांची शोधाशोध. लेकीची एक मैत्रीण अॅटॉमिक पॉवर स्टेशनच्या कॉलनीत राहते, तिच्याकडून तीन आले. एक स्वेटर इतका जुना की त्याच्या कोपराला दोन रंगांची रफू होती. पालघरला नर्सिंग करणाऱ्या मुलीच्या वाट्याला तो आला आणि परत येताना कोणाच्या अंगावर होता, त्याच्यावर पुढं येतेच.

मावशीनं नातवाच्या सॅकमध्ये तळाशी दोन किलो सुके बोंबील आणि वर जवळ्याची पिशवी घातली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून.

"यादीत ‘बोंबील नकोत’ असं लिहिलं होतं काय? नाय ना? मग!"

बोईसरहून डहाणू लोकलनं वसई, तिथून दिव्याची गाडी, कल्याण, मग कसारा. वसईला ही अठरा जणं सॅका घेऊन चढली तेव्हा डबा भरलेला होता. लेक सांगते, खारबाव येईपर्यंत आजूबाजूची तीन बाकं मोकळी. तांडेलानं, म्हणजे त्या बोईसरच्या मुलानं, सॅक उघडायला लावली, बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "उचललंयस तर आता तूच वाहायचं."

"वाहिलं की!" मावशी म्हणाली. "दर्याचा पोर हाय."

कसाऱ्याहून जीपनं घोटी, भंडारदरा, रतनवाडी. भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांचं, १९२६ साली पुरं झालेलं. त्याच्या फुगवट्याच्या काठाकाठानं रस्ता. एवढं निळं पाणी बघून कोणी फोटो काढले, कोणी अहाहा केलं. मावशीच्या नातवानं जीपवाल्याला विचारलं, "इथं मासळी कुठली लागते?" पुढचा अर्धा तास त्या दोघांचंच बोलणं.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ. लेकीच्या मोबाईलात त्या कोरीवकामाचे फोटोच फोटो. शिलाहारांच्या काळातलं म्हणतात. प्रवरा नदीचा उगम याच डोंगरातला. नगर जिल्ह्यात उसाला पाणी देणारी प्रवरा इथं एका उडीत ओलांडता येते, हे तिला फार नवलाचं वाटलं. सॅका गावात ठेवून, पाण्याची बाटली तेवढी घेऊन, पहिल्या दिवशी रतनगड केला. अभयारण्याचा भाग, म्हणून जंगलात आग नाही, मुक्काम गावातच.

"शिडीचं सांग," मावशी म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. नातवानं एक सांगितलं होतं, तिला दुसरं ऐकायचं होतं.

रतनगडाच्या दरवाजाच्या आधी कातळ आहे आणि कातळाला लोखंडी शिड्या. आता आपल्यातला तो एक मुलगा नाही का, मोठ्या होडीवर जातो तो? डोलकाठीवर चढून दिवा बांधून येतो, उधाणात. तो शिडीच्या मध्यावर गेला आणि थिजला. वरही जाईना, खालीही येईना. हात शिडीला असे घट्ट की बोटं पांढरी पडली. वरून तांडेल बोलतोय, खालून सगळे बोलतायत, त्याला काही ऐकू येईना. मग त्याच्या मागच्या मुलीनं, पालघरची ती नर्सिंगवाली, बाकीच्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "डावा पाय उचल. आता उजवा. श्वास सोड." असं मोजत मोजत त्याला वर नेलं.

मावशीचे हात थांबले. बोंबील जोडी लावायच्या आधीच थांबला.

"नर्सिंगवालीनं?"

"हो."

"माझा नातू बोलला, तांडेलानं वर काढला."

"तुझ्या नातवाला मैत्रीचं सांभाळायचं असेल."

"आणि तो रफूचा स्वेटर?"

"येताना त्या डोलकाठीवाल्याच्या अंगावर होता. तिला म्हणे गरम होत होतं. माळशेज घाटात, रात्री."

मावशीनं बोंबील दोरीवर टाकला. "चांगलं घर हाय," ती म्हणाली. "बाप दारू पीत नाय." कोणाचा बाप ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गडावर वाऱ्यानं आरपार पडलेलं मोठं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यात बसलं की समोर अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या पलीकडे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वारा इतका की टोप्या उडाल्या. त्यातली एक कॉलनीतून उसनी आणलेली होती. तिचे पैसे कोण देणार ही चर्चा अजून चालू आहे.

पहिला दिवस गुरुवार होता. मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून चौघींचा उपास. बोंबील बाहेर काढायचं कोणी नावही घेतलं नाही. रतनवाडीत त्या घरच्या बाईनं पिठलं-भाकरी दिली. मावशीला हे फार पटलं. "बघ, डोंगरात पण पाळलं पोरींनी," ती म्हणाली, आणि समोरच्या काकूंच्या घराकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाली.

शुक्रवारी खरी चाल. सगळ्या सॅका पाठीवर घेऊन कात्राबाईची खिंड चढायची आणि पलीकडे कुमशेतला उतरायचं. इथं तो प्रसंग झाला, जो मुलांनी घरी सांगायचा नाही असं ठरवलं होतं आणि जो शनिवारी संध्याकाळीच, पोरं डोंगरातच असताना, गावात पोचला. पाचनईला रेंज आली ना!

झालं असं की दोघे जण पुढं सुटले. पायात जोर, अंगात वय. मागच्यांची वाट बघत बसायचा कंटाळा. जंगलात ढोरवाटा शंभर. एका ठिकाणी मळलेली वाट उजवीकडे वळत होती, हे सरळ गेले. अर्ध्या तासानं सगळे खिंडीत पोचले तेव्हा सोळाच. वाटाड्या रतनवाडीचा, साठीचा बाबा. त्यानं काही धावपळ केली नाही. कानाला हात लावून उभा राहिला. शिट्टी ऐकू आली तसा दगडावरून खाली गेला आणि दोघांना घेऊन वर आला. शिट्टी होती म्हणून बरं.

"आणि एसटी?" मावशीनं विचारलं. तिचा मुद्दा तोच.

"खिंडीत कुठली एसटी? तांडेलानं दोघांचे मोबाईल काढून घेतले. पाचनईपर्यंत. आणि दोघांना ओळीत सगळ्यात शेवटी लावलं, मागं राहिलेल्यांच्या सॅका घेऊन."

"ओरडला?"

"नाही म्हणे. एक शब्द नाही."

"मग बरोबर," मावशी म्हणाली. "ओरडणारा तांडेल घाबरलेला असतो."

त्या दोघांतला एक मावशीचाच नातू होता. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आम्ही दोघींनी कुंपणाला मान दिला.

आता कुमशेत. हे मी लेकीकडून तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायचीही माझी तयारी आहे.

गाव डोंगराच्या कुशीत, आजोबाचा डोंगर जवळ. संध्याकाळी थंडी अशी पडली की आमच्या पोरांनी असतील नसतील ते सगळे कपडे अंगावर चढवले. मुलींची सोय एका घरात, मुलांची पडवीत. चुलीवर नागलीच्या भाकऱ्या चाललेल्या. मावशीच्या नातवाच्या पाठीला दोन दिवस ते ओझं टोचत होतं. त्यानं सॅक उपडी केली आणि वर्तमानपत्राचं पुडकं त्या घरच्या वहिनींच्या पुढं ठेवलं. म्हणाला, "हे तुम्हीच घ्या."

वहिनींनी पुडकं सोडलं. एक बोंबील हातात घेतला, वाकवला, नाकाशी नेला. मग सासूला हाक मारली. सासूनं एक उचलला. मग शेजारची आली. तिकडे डोंगरात सुकी मासळी काही नवी नाही. आठवडा बाजारात मिळते, पावसाळ्याची बेगमी म्हणून घेऊनही ठेवतात, कारण चार महिने पावसात भाजी कुठली? पण तिथं पोचेपर्यंत ती किती हातांतून गेलेली, किती जुनी झालेली! मोडलेली, भुगा झालेली, रेती लागलेली. हा बोंबील आठ दिवसांपूर्वी या दोरीवर होता. आख्खा, जबड्यासकट.

वहिनींनी आठ-दहा निखाऱ्यावर टाकले. शेपटी काळी पडू दिली नाही, लेक मुद्दाम सांगते. भाजून हातानं तुकडे केले, पाट्यावर लसूण, लाल मिरची, मीठ, आणि त्यात बोंबील. वरून तेल नाही. नागलीची गरम भाकरी आणि तो ठेचा. आपली पोरं, जी घरी बोंबील म्हटलं की नाक मुरडतात, ती चार-चार भाकऱ्या जेवली. थाळ्या पुसून.

"माझेच बोंबील," मावशी म्हणाली. "घरात देते तेव्हा याला चायनीज पाहिजे."

उरलेले बोंबील वहिनींनी दोरीत ओवून चुलीच्या वर, धुरात टांगले. जूनसाठी. मग विचारलं, कुठून आलात? पोरं म्हणाली, दांडी. बोईसरच्या पुढं, समुद्रावर. तुम्ही कोण? कोळी. तर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही बी कोळीच की."

इथं मावशीनं मला तिसऱ्यांदा थांबवलं. "असं कसं? जाळं नाय, होडी नाय, दर्या नाय, आणि कोळी?"

"महादेव कोळी ते. शेती करतात, जंगलातला हिरडा गोळा करून विकतात. राघोजी भांगरे त्यांच्यातलाच. अकोले तालुक्यातल्याच देवगावचा. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठला. २ मे १८४८ला त्याला फाशी दिली, ठाण्याच्या तुरुंगात."

"ठाण्याच्या? म्हणजे आपल्याच जिल्ह्यात!"

पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. मावशीचं ठाणं अजून सुटलेलं नाही. मी दुरुस्त केलं नाही. राघोजीच्या वेळेला तर ठाणंच होतं.

त्या सासूबाईंनी समुद्र कधी पाहिलेला नाही. त्यांनी विचारलं, एवढं पाणी येतं कुठून आणि जातं कुठं? आमच्या डोलकाठीवाल्यानं मग चुलीपुढं बसून भरती, ओहोटी, उधाण, भांग, सगळं समजावलं. राखेत बोटानं चंद्र काढून. शिडीवर थिजलेला तोच हा. लेक म्हणते, त्याला इतकं बोलताना गावात कोणी ऐकलेलं नाही.

"कोण ऐकत होतं?" मावशीनं विचारलं.

"सगळेच."

"सगळ्यात पुढं कोण बसलं होतं?"

"तुला ठाऊक आहे कोण."

निघताना वहिनींनी दोन पायली नागली आणि पिशवीभर हिरडा दिला. पैसे घेतले ते फक्त राहण्याचे आणि भाकरीचे. मावशीनं तो हिरडा पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलाय आणि गेले दोन दिवस हिशेब चाललाय की दोन किलो बोंबलाला दोन पायली नागली आणि एवढा हिरडा, म्हणजे नफा कोणाचा झाला. कालपर्यंत तिचा होता. आज त्यांचा वाटतोय.

तिसऱ्या दिवसाचं फार काही नाही. मधे मुळा नदी, पुढं पाचनई, पायाला फोड, फोडांवर पट्ट्या. नर्सिंगवालीचा दवाखाना संध्याकाळी पडवीत उघडला होता, त्यात एक रोगी परत परत येत होता म्हणे.

रविवारी अंधारात निघून हरिश्चंद्रगड. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, आणि त्याच्या खालच्या अंगाला केदारेश्वराची गुहा. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी. आमची पोरं पाण्यातलीच, सगळी उतरली, आणि सगळी ओरडत बाहेर आली. पिंडीभोवती चार खांब, त्यातला एकच आता धड उभा. लोक म्हणतात चार युगांचे चार खांब, शेवटचा पडला की कलियुग संपलं.

"नाय पडणार," मावशी म्हणाली. "आमच्या घरात पण चारांतला एकच कमावतो. चाललंय की."

कोकणकडा मात्र पोरांना म्हणावा तसा भेटला नाही. १८३५ साली साईक्स नावाच्या इंग्रज कर्नलला याच कड्यावर इंद्रवज्र दिसलं होतं. खालच्या ढगावर गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. त्यासाठी ढग खाली पाहिजेत आणि ऊन पाठीशी. आपल्या पोरांना धुरकट मिळालं. तांडेलानं दोघा-दोघांना पोटावर झोपवलं, पाय मागच्यांनी धरले, आणि मग डोकं कड्याबाहेर काढून बघायचं. कडा सरळ नाही, आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. खाली कोकण. मावशीच्या नातवानं पश्चिमेकडे बराच वेळ डोळे ताणले. दर्या काही दिसला नाही.

"एवढ्या लांबून कसा दिसेल?" मी म्हटलं.

"आपल्याला इथून डोंगर दिसतो काय? तसंच," मावशी म्हणाली.

तिथून तोलार खिंडीनं खिरेश्वरला उतरले. वाटेत कातळाला रेलिंग आहे, पण चार दिवसांच्या गुडघ्यांना रेलिंगचा काय उपयोग? सूज आली ती इथं. मग माळशेज घाट, कल्याण, दिवा, वसई. घरी पोचायला मध्यरात्र. दारात सॅक टाकली तेव्हा घरातलं मांजर तिच्यावर जाऊन बसलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलं नाही.

एवढ्यात समोरच्या काकू रस्त्यानं आल्या. थांबल्या. बोलायचं होतंच त्यांना.

"सगळं ठीक झालं म्हणा," त्या म्हणाल्या. "तरी पण मुली, तीन-तीन रात्री बाहेर. लोक बोलतात."

मावशीनं रिकामी पाटी उपडी केली आणि तिच्यावर बसली. ती बसली की समजायचं.

"काकू, मी सोळा वर्षांची होते तेव्हापासून डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेले. काळोखात घर सोडायची. कधी गाडी चुकली तर तिकडंच बाजारात रात्र काढलीय, चार बायका एका ओट्यावर. तेव्हा कोण बोललं? पैसे घरात येत होते, कोणी बोललं नाय. आता पोर स्वतःच्या हौसेनं चालून आली, तर लोकांना रात्री मोजता येतात?"

काकू म्हणाल्या, "मी कुठं बोलतेय, लोक बोलतात."

"मग लोकांना सांगा, नर्सिंगवालीनं एकाला शिडीवरनं वर काढला. नायतर तिथंच राहिला असता तो."

काकूंना ही बातमी नवीन होती. त्या कुंपणाजवळ सरकल्या. "कोणाला?"

मग ते सगळं पुन्हा, स्वेटरासकट. काकू गेल्या त्या थेट नळावर. संध्याकाळपर्यंत शेजारच्या नवापूरला पोचली असणार बातमी.

मावशी उठली, पाटी झटकली. म्हणाली, "बोईसरच्या त्या पोराचा नंबर हाय ना तुझ्याकडे? त्याला विचारून ठेव, पुढच्या वेळी आमच्या नातवाला पहिल्यापासून मागं चालवशील काय. आणि कुमशेतला गाडी जाते काय ते पण विचार."

"जाते. राजूरवरून गाडीरस्ता आहे. कशाला?"

"एप्रिलात मी जाणार. चढायला नाय गो, बसायला. पावसाळ्याच्या आधी पन्नास किलो बोंबील त्या वहिनीकडे पोचवते. पैशाचं नंतर बघू, नागली देईल ती. बाजारातला भुगा कशाला खातात ती माणसं?"

मी थेट जीपवाल्याला फोन लावला. जीपवाला माणसाचं भाडं वेगळं घेतो आणि पाटीचं वेगळं, वासाचं वरून. मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि वासाचे पैसे तिथल्या तिथं माफ करून घेतले.